दोन गुंठ्यांत घर बसवताना: खोल्यांआधी भिंती, दारं आणि वाटा

साताऱ्याच्या हद्दीवरचा दोन गुंठ्यांचा प्लॉट, पूर्वेला रस्ता, घरात सहा माणसं, त्यांतली दोन वयस्कर. खाली हॉल, जेवणाची जागा, स्वयंपाकघर आणि वयस्करांची खोली, वर दोन खोल्या, पुढे गाडी. एवढं ठरलं की घर जवळजवळ आखून झालं असं वाटतं. प्रत्यक्षात इथून तीन महिने नुसत्या कागदावर गेले, आणि तेवढे जायलाच हवेत. कागदावरची रेघ खोडायला खोडरबर पुरतं, जोत्यानंतर तीच रेघ हलवायला ब्रेकर आणावा लागतो.

एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजे ३३ × ३३. दोन गुंठे सरळ असतील तर ३३ × ६६. पण सातबाऱ्यावरचं क्षेत्र आणि जमिनीवरच्या बाजू हे वेगळं प्रकरण असतं, म्हणून आधी मोजणी करून घेतली. पुढची बाजू ३३ फूट भरली, मागची ३३ फूट ३ इंच. अशा वेळी हिशेब कायम लहान बाजूचा धरायचा.

मग मार्जिन, म्हणजे हद्दीपासून घरापर्यंत मोकळी सोडायची जागा. डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि आणखी काही भाग सोडले तर राज्यभर यूडीसीपीआर (एकत्रित विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली) ही बांधकामाची एकच नियमावली लागू आहे. मार्जिन किती सोडायची ते रस्त्याची रुंदी, प्लॉटचं क्षेत्र, गावठाण की बाहेरचा भाग आणि इमारतीची उंची यांवर ठरतं. शेजारच्याने किती सोडली हे पाहून काहीच कळत नाही, कारण त्याचं घर जुन्या नियमांतलं असू शकतं. या प्लॉटला पुढे ३ मीटर आणि बाकी तिन्ही बाजूंना दीड मीटर सोडायची होती. मंजुरीचा नकाशा मीटरमध्ये आणि गवंडी फूट-इंचांत, त्यामुळे सुरुवातीलाच एक तक्ता करून भिंतीवर लावला: ३ मीटर म्हणजे ९ फूट १० इंच, दीड मीटर म्हणजे ४ फूट ११ इंच. "दहा फूट, पाच फूट" असं तोंडी चालवलं की तीन-चार ठिकाणी इंच इकडेतिकडे होतात आणि शेवटी कुठली तरी एक खोली ते भरून देते.

रुंदी उरली २३ फूट २ इंच. पहिल्या आराखड्यात शेजारी शेजारी दोन खोल्या काढल्या होत्या, १२ फुटांची एक आणि ११ फुटांची एक. बेरीज २३, म्हणजे बसतं. बसत नाही. बाहेरच्या दोन भिंती ६-६ इंच, मधली ४ इंच. बाहेरून गिलावा पाऊण इंच, आतून प्रत्येक अंगाला अर्धा इंच. १२ अधिक ४ अधिक दीड अधिक २, झाले साडेएकोणीस इंच. आत राहतात २१ फूट साडेसहा इंच, त्यातून ११ फूट ६ इंच आणि १० फूट अशा दोन पट्ट्या निघतात. बाहेरची भिंत नऊ इंची विटांची केली तर आणखी सहा इंच जातात. आम्ही सहा इंची ब्लॉक धरला तो याच हिशेबाने. ज्या नकाशात खोलीचं माप लिहिलंय पण ते भिंतीच्या मध्यापासून की आतल्या गिलाव्यापासून हे लिहिलेलं नाही, तो नकाशा परत पाठवावा. आमच्या इंजिनीअरकडून प्रत्येक खोलीत गिलाव्यानंतरचं आतलं माप लिहून घेतलं, आणि पुढचं सगळं बोलणं त्याच मापांत केलं. खाली दिलेली मापंही तशीच आहेत.

उत्तरेची पट्टी साडेअकरा फुटांची, दक्षिणेची दहाची, घराची लांबी ४५ फूट. लांबीला जागा ५१ फूट होती, तरी सहा फूट मागे जास्त ठेवले, कारण शौचटाकी, कपडे वाळत घालणं आणि एक कढीपत्त्याचं झाड यांना दीड मीटरचं मार्जिन पुरत नाही.

पहिला पेच गाडीचा. पुढचं मार्जिन ९ फूट १० इंच आणि नेहमीची छोटी गाडीही १२-१३ फूट. गाडी आडवी लावायची म्हटलं तर फाटकातून वळत नाही. म्हणून आग्नेय कोपऱ्यातून घर ८ फूट आत घेतलं. मार्जिन धरून गाडीला जवळजवळ १८ फूट मिळाले आणि वर पहिल्या मजल्याची खोली आली, त्यामुळे गाडीच्या मागच्या अर्ध्या भागावर आयतं छप्पर झालं. दहा फूट रुंदी गाडीला भरपूर वाटते, पण दोन्ही बाजूंची दारं उघडून वयस्कर माणूस उतरायचा असेल तर साडेआठच्या खाली जाऊ नये. जिथून उतरायचं त्या बाजूला मुख्य दाराच्या पायऱ्या ठेवल्या. जोतं दोन फूट, म्हणजे सहा इंचांच्या चार पायऱ्या. तीन पायऱ्यांत बसवायचा आग्रह गवंडी करतो, तो मानू नये. गुडघे दुखणाऱ्याला दोन इंचांचा फरक रोज जाणवतो.

आग्नेयेला गाडी गेली की घरातून लगेच प्रश्न येतो: मग स्वयंपाकघर? हा प्रश्न टाळून चालत नाही, कारण तो आराखडा मंजूर झाल्यावर आला तर सगळं परत पहिल्यापासून. स्वयंपाकघर दक्षिणेच्या पट्टीतच पार्किंगच्या मागे घेतलं, १० × १२ चं, आणि शेगडी खोलीच्या आग्नेय कोपऱ्यात, करणाऱ्याचं तोंड पूर्वेला. एवढ्यावर सगळे समाधानी झाले. खरी अडचण वेगळीच होती. ओट्यासमोरची पूर्वेची भिंत पार्किंगला लागून येते. तिथे खिडकी ठेवली तर गाडी चालू केली की धूर थेट पातेल्यावर. म्हणून ती भिंत बंद, आणि खिडकी दक्षिणेला सिंकवर. ओटा इंग्रजी एल आकाराचा, दोन फूट खोल. शेगडी आणि सिंक यांच्यात किमान तीन फूट मोकळा कडाप्पा किंवा ग्रॅनाइट हवाच, नाहीतर चिरलेली भाजी ठेवायला जागा राहत नाही आणि फोडणीत पाणी उडतं. ओट्याची उंची ३२ इंच की ३४, हे पुस्तकातून ठरवू नये. जी व्यक्ती रोज पोळ्या लाटते तिला टेबलाखाली विटा सरकवून उभं करावं आणि कोपर किंचित वाकलेलं राहील तिथे थांबावं. पोळपाटाची उंची त्यात धरायला विसरू नये. पोळपाट दीड-दोन इंच खातो.

फ्रिज आराखड्यात चौकोन म्हणून काढतात आणि विसरतात की त्याचं दार उघडतं. आम्ही आलेख कागदाचे दोन ताव जोडून फुटाला एक सेंटिमीटर या प्रमाणात घर काढलं आणि सामानाचे तुकडे जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड कागदातून कापले. पलंग ६ × ६ फूट ९ इंच, लोखंडी कपाट ३ फूट × १ फूट ७ इंच, सहा खुर्च्यांचं टेबल ५ × ३. प्रत्येक दाराची पाव वर्तुळाची कातरलेली पाकळी वेगळी. हे तुकडे सरकवायला लागल्यावर तीन खोल्यांची दारं जागची हलली. टेबलाच्या दोन्ही अंगांना खुर्ची मागे ओढायला अडीच-अडीच फूट लागतात, म्हणजे टेबलासकट आठ. साडेअकराच्या पट्टीत उरले साडेतीन, आणि हॉलमधून जिन्याकडे, स्वयंपाकघरात आणि मागच्या खोलीत जायची वाट नेमकी तेवढ्यातून. हेच टेबल मधोमध ठेवलं असतं तर दोन्हीकडे पावणेदोन फुटांच्या वाटा झाल्या असत्या, दोन्ही बिनकामाच्या. वाट एकाच बाजूला आणि सरळ काढावी. तिरकी वाट खोलीचे दोन निरुपयोगी त्रिकोण करते.

दार भिंतीच्या मधोमध हा तर नकाशातला सर्रास दोष. दहा फुटांच्या भिंतीत मधोमध तीन फुटांचं दार आलं की दोन्ही बाजूंना साडेतीन-साडेतीन फूट उरतात आणि कपाटासमोरून सारखी ये-जा राहते. दार कोपऱ्यात घ्यावं. कोपरा आणि चौकट यांच्यात सहा इंचांची भिंत तरी सोडावी, म्हणजे दार पूर्ण मागे जातं. त्या कोपऱ्यात पुढेमागे कपाट येणार असेल तर दोन फूट दोन इंच. दिव्याचं बटण दाराच्या मागे गेलं तर दोष वायरमनचा नसतो, दार कुठल्या बाजूला उघडणार हे नकाशावर लिहिलेलं नसतं.

जिन्यावर मात्र सगळ्यात जास्त वेळ द्यावा. जवळपास प्रत्येक छोट्या घराच्या आराखड्यात जिन्याला ६ × ९ फुटांचा चौकोन दिलेला असतो आणि त्यात रेघा मारलेल्या असतात. त्या रेघा मोजून पाहाव्यात. खालच्या फरशीपासून वरच्या फरशीपर्यंत साडेदहा फूट, म्हणजे १२६ इंच. नऊ फुटांतून तीन फुटांचा चौक, म्हणजे वळणावरची सपाट जागा, वजा केला की सहा फूट राहतात, त्यात दहा इंची सात पायऱ्या, म्हणजे एका टप्प्यात आठ चढ (आठवा थेट चौकावर), दोन टप्प्यांत सोळा. १२६ भागिले १६, पावणेआठ इंचांहून जास्त. राष्ट्रीय इमारत संहितेत घरगुती जिन्याचा चढ जास्तीत जास्त १९० मिलिमीटर आहे, म्हणजे साडेसात इंच, आणि पायरीची रुंदी किमान २५० मिलिमीटर. म्हणजे तो चौकोन मुळातच अपुरा. आम्ही उलटं गेलो. चढ सात इंच ठरवला, १२६ भागिले ७ म्हणजे १८ चढ, प्रत्येक टप्प्यात नऊ चढ आणि आठ पायऱ्या. आठ पायऱ्या दहा इंचांच्या, ६ फूट ८ इंच. चौक सव्वातीन फूट. लांबी ९ फूट ११ इंच. दोन टप्पे सव्वातीन-सव्वातीन आणि मधली फट चार इंच, रुंदी ६ फूट १० इंच. पायथ्याशी उभं राहून वळायला आणखी तीन फूट. झाला जवळजवळ १३ फुटांचा गाळा. हॉल १८ ऐवजी १६ फुटांवर आला तो या जिन्यामुळे, आणि ते योग्यच झालं.

जिन्याखाली संडास बसवायचा मोह सगळ्यांना होतो. चौक जमिनीपासून नऊ चढांवर, म्हणजे ६३ इंचांवर. त्याच्या स्लॅबची जाडी वजा केली की उंची उरते पावणेपाच फूट. तिथे माणूस सरळ उभा राहत नाही. इन्व्हर्टर, चपलांचं कपाट, झाडू आणि सिलिंडरच्या रिकाम्या ट्रॉलीसाठी ती जागा उत्तम.

जिन्याच्या शेजारून मागच्या खोलीत जाणारा बोळ ४ फूट ३ इंचांचा. इथे कॉलमने घोळ घातला असता. कॉलम ९ × १५ इंचांचे आणि भिंत सहा किंवा चार इंचांची, म्हणजे कॉलम कुठल्या तरी अंगाला बाहेर येणारच. कुठल्या, हे स्ट्रक्चरल इंजिनीअर स्वतःहून विचारत नाही, त्याला सांगावं लागतं. बोळातला कॉलम जिन्याच्या बाजूला ढकलला, खोल्यांतले कपाटांच्या कोपऱ्यात लपवले. बोळात तीन इंच आले असते तर साडेसहा फुटी लोखंडी कपाट वळवून खोलीत नेताना नेमकं तिथेच अडलं असतं. त्याच बैठकीत वरच्या मजल्याच्या भिंती खालच्या बीमवर येतात का तेही तपासलं. दोन ठिकाणी येत नव्हत्या. एक भिंत आठ इंच सरकवली, दुसरीखाली बीम वाढवला. तो बीम स्वयंपाकघराच्या छतात दिसतो, पण जेवायच्या टेबलाच्या डोक्यावर आला नाही.

आता ऊन. साताऱ्याच्या अक्षांशावर मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य उत्तरेला असतो आणि उरलेलं वर्षभर दक्षिणेला. दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटांचा छज्जा टाकला तर मार्चच्या दुपारी सावली सहा फुटांपर्यंत खाली येते, चार फुटी खिडकी पूर्ण झाकली जाते. डिसेंबरात सूर्य ४९ अंशांवर, सावली फक्त सव्वादोन फूट, आणि खिडकीच्या खालच्या भागातून ऊन खोलीत येतं, तेव्हा ते हवंच असतं. म्हणून वयस्करांची खोली दक्षिणेला. पश्चिमेला मात्र छज्जा उन्हासाठी निरुपयोगी, कारण संध्याकाळचं ऊन आडवं येतं. तिथे राहत्या खोलीची भिंतच येऊ द्यायची नाही. पश्चिम टोकाला दोन्ही बाथरूम पाच-पाच फूट खोल ठेवल्या. चार वाजता तापते ती बाथरूमची भिंत, झोपायच्या खोलीची नव्हे, आणि बाथरूम कोरडीही राहते.

याला एक किंमत आहे. पावसाळ्यात वारा आणि झड दोन्ही पश्चिमेकडून येतात, त्यामुळे बाथरूमचा वास घरात ढकलला जाऊ शकतो. झडप उंचावर आणि लहान, बाहेर फेकणारा पंखा, आणि दाराला खालून अर्धा इंच फट, म्हणजे हवा घरातून बाथरूममध्ये ओढली जाते, उलटी येत नाही. आत येणारी झड अडवायला झडपेवर छज्जा तरीही हवा.

वयस्करांच्या खोलीचं गणित असं बसलं: १३ फुटांत भिंतीलगतचं कपाट २ फूट, अडीच फूट मोकळे, पलंग ६, परत अडीच मोकळे. दहा फुटांच्या बाजूने पलंग पावणेसात, पायाशी सव्वातीन. डोकं दक्षिणेला हवं, म्हणून खिडकी डोक्याशी आली आणि तिचा उंबरठा अडीचऐवजी साडेतीन फुटांवर नेला. या खोलीला बाहेरची भिंत एकच, वारा आरपार जात नाही. दाराच्या वर झडप ठेवली तरी ही उणीव राहिलीच. मधल्या मोरीची जागा तिला देऊन पाहिली, पण मग भांडी घासायला आणि धुण्याच्या यंत्राला बाहेरच्या दाराजवळ जागा राहत नव्हती. कपाटाची पाठ बाथरूमच्या भिंतीला लागते, तिथे दोन गोष्टी केल्या: ती भिंत चारऐवजी सहा इंची, आणि नळांचे पाइप तिच्यात न घेता बाहेरच्या भिंतीत घेतले. पाइप कपाटामागे गळला तर कळतं तेव्हा कपड्यांना बुरशी लागलेली असते. बाथरूमला उंबरा नाही, फक्त अर्ध्या इंचाचा उतार. दार उघड्यावर मोजून २ फूट ८ इंच. चाकाची खुर्ची आज लागत नाही, पण चौकट नंतर रुंद होत नाही.

वरच्या बाथरूम खालच्यांच्या बरोबर डोक्यावर. हा नियम मोडला की चार इंची मैल्याचा पाइप हॉलच्या छतातून फिरतो. शौचटाकी पश्चिमेला मागे, पाण्याची जमिनीतली टाकी ईशान्येला पुढे. इथे वास्तू आणि सोय आपसूक जुळली: नगरपालिकेची लाइन पूर्वेच्या रस्त्यातूनच येते, आणि दोन्ही टाक्या घराच्या दोन टोकांना राहतात. पाण्याच्या टाकीचं झाकण अंगणापेक्षा सहा इंच वर घ्यावं, गाडी धुतलेलं पाणी आत जात नाही.

मंजुरीला कागद देण्याआधी घर जमिनीवर काढलं. पट्टी, दोरी, खुंट्या आणि फक्की. काटकोन ९-१२-१५ ने: एका दोरीवर ९ फूट, दुसरीवर १२, आणि मधलं तिरकं अंतर बरोबर १५ आलं की कोपरा गुण्यात. शेवटी दोन्ही कर्ण मोजले. २३ फूट २ इंच गुणिले ४५ चा कर्ण ५० फूट ७ इंचांच्या किंचित वर येतो. पहिल्यांदा दोघांत चार इंचांचा फरक आला, एक खुंटी हलली होती. दारांच्या जागी दोन-दोन विटा ठेवल्या.

आणि इथे प्रत्येकजण घाबरतो. मोकळ्या आभाळाखाली दहा फुटांची खोली कोंबड्यांच्या खुराड्याएवढी दिसते. भिंती नाहीत, छत नाही, नजर थेट शेजारच्या उसापर्यंत जाते, तिच्यापुढे फक्कीची रेघ केवढी. याच घटकेला लोक "दोन फूट वाढवा" म्हणतात आणि महिन्यांचा हिशेब मोडतात. आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवू नये. घरातली डबल बेडची चादर आणून पलंगाच्या जागी अंथरली, चार कोपऱ्यांवर दगड ठेवले, स्वयंपाकघरात दोन फुटांवर ओट्याची रेघ मारली, टेबलाच्या जागी चार खुर्च्या. मग सगळ्यांनी आपापली सकाळ चालून पाहिली: पलंगावरून उठून बाथरूम, तिथून देवघर, तिथून चहा. आजीबाईंनी रेघेवरून पाय टाकला नाही, दोन विटांमधूनच गेल्या, आणि बाथरूमचं दार पलंगाच्या उशाकडून हवं, पायाकडून नको, हे तिथे उभ्या उभ्या सांगितलं. अंधारात हात पलंगाला धरून जाता येतं म्हणून. तेवढा एक बदल नकाशात गेला. खोली एक इंचही वाढली नाही.

नकाशा मंजूर होऊन आला तरी आराखड्याचं एक काम जोत्यापर्यंत राहतं. प्लिंथ बीमची सळई बांधली की काँक्रीटआधी सांडपाण्याचे चार इंची पाइप जिथून बाहेर पडणार, तिथे सहा इंची पाइपचे तुकडे आडवे बसवून घ्यावेत, आणि त्यांच्या जागा स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवाव्यात. आमच्याकडे पाच ठिकाणं निघाली: दोन मैल्याची, दोन न्हाणीची, एक मोरीची. सहावं, नळाच्या लाइनचं, सेंट्रिंगच्या दिवशी सकाळी आठवलं आणि तुकडा कापून घातला. काँक्रीट दुपारी पडलं.